मागच्या पानापासून

कागद मिळत नव्हता त्या वर्षी.
काडतुसांनी खाल्ला म्हणे सगळा.
म्हणून मिस थॉर्नने फेनविकच्या रिकाम्या कोठीतून
त्याचीच हिशेबाची वही आणली,
चामड्याच्या पाठीची, खाऱ्या वाऱ्याने फुगलेली,
आणि उलटी धरून म्हणाली,
आपण मागून सुरुवात करू.

मागची पानं कोरी होती.
फेनविकला वाटलं असणार, अजून पुष्कळ वर्षं लिहायचंय.

कापूस साठवायच्या खोलीत आम्ही एकोणतीस जण.
तुळयांना अडकलेले तंतू
कुणी शिंकलं की खाली यायचे.
म्हातारा कजो पेन्सिल धरायचा कुदळीसारखी,
दोन्ही हातांनी.
मी दिवसभर निळ्या पलटणीचे कपडे धुवायचे.
रक्ताचा डाग गार पाण्यानेच निघतो
आणि तो कुठल्या बाजूचा, साबणाला कळत नाही,
हे मिस थॉर्नला मी शिकवलं.
माझा अबनर होता त्या पलटणीत,
गोऱ्या शिपायाहून कमी पगारावर.
गोळी मात्र पुऱ्या मापाची लागली.

एक उभी रेघ, वर एक आडवी : टी.
कुंपणाच्या खांबासारखी.
तिर्झा, असं पहिल्यांदा लिहिलं
तेव्हा मी मागे वळून पाहिलं,
कुणी हाक मारली का म्हणून.

नोंदणीच्या कारकुनाने विचारलं, आडनाव?
फेनविक लिहू?
म्हटलं, नको. मागाहून सांगते.

डिसेंबरात कायदा झाला.
आता कुणीच कुणाचं नाही, कजो म्हणाला, आणि खूप हसला.
मग उठून बाहेर गेला, बराच वेळ आला नाही.

फेब्रुवारीत कोरी पानं संपली.
पान उलटलं तर अक्षरं डोक्यावर उभी.
वही फिरवली.
डावीकडे जमा, उजवीकडे नावे.

एक खेचर, काळं, एकशे दहा.
मिठाची पोती सात.
बायना, वय एकतीस, स्वयंपाक, आठशे.
तिर्झा, वय नऊ, चारशे, पुढचा एक दात नाही.

दात त्याच आठवड्यात पडला होता. नवा आला.
ते कुणी लिहिलं नाही.

त्याखाली माझा भाऊ.
सायलस, वय चौदा. खपला.
बस, एवढंच.
आईसुद्धा खपली म्हणतात, शेतात, ज्वारीच्या लापशीवर.
अबनर खपला किल्ल्याच्या भिंतीखाली.
किती कामं करतो हा एक शब्द,
आमच्याहून जास्त.

ओळीपुढे जागा होती थोडी.
मी लिहिलं : कुठे?

एप्रिलमध्ये फेनविक परत आला.
शपथ घेतली होती त्याने, माफी मिळाली होती,
आणि आम्ही दोन हंगाम नांगरलेली जमीन
त्याला परत मिळाल्याचा कागद होता हातात.
कागद मिळायला लागला होता तोवर.
खोलीच्या दारात उभा राहून म्हणाला,
माझी एक वही आहे इथे.

कजो वहीवर बसला होता. उठला नाही.
हिशेब मिटल्याशिवाय वही देत नसतात, म्हणाला.
मिस थॉर्नचा चेहरा पांढरा,
म्हणजे नेहमीहून जास्त.

शेवटी कजोनेच ते पान उघडून धरलं,
वही हातातून न सोडता.
फेनविकने चष्मा लावला, वाकला.
माझी पेन्सिल फिकट होती, पण वाचता येत होती.

आठवत नाही, तो म्हणाला.
खरंच आठवत नसावं.
मी जन्मभर त्याच्या प्रश्नांना उत्तरं दिली होती,
पाणी तापलं का, सदरा वाळला का,
आणि हा माझा पहिलाच होता त्याला.

जमीन गेली. वही राहिली.
चुलीवर पाणी ठेवून मी परत आले
तेव्हा खोलीत पोरं गलका करत होती
आणि कजो जीभ बाहेर काढून
एस गिरवत होता, सायलसमधला.
वळणच येत नाही याचं, म्हणाला,
दर वेळी उलटाच निघतो.